अ‍ॅपल सायडर व्हिनेगर कोणतं घ्यावं आणि घरात कसं वापरावं?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंची शुगर वाढलीय, शेजारणीने रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घ्यायला सांगितलंय, तर 'मदर'वाली (तळाशी गढूळ गोळा असलेली) महागडी बाटली आणावी की साधी चालेल, आणि द्यायचं कसं. आधी द्यायचं कसं ते सांगते, कारण घाई तिथे आहे. उपाशीपोटी नको. आणि पाणी न घालता तर कधीच नको.

हे इतक्या ठामपणे सांगते त्याला कारण माझी आई. तिलाही शुगर आहे. कुणीतरी फोनवर पाठवलेलं वाचून तिने मला न सांगता बाटली मागवली आणि चार महिने सकाळी उठल्या उठल्या दोन टोपणं घेत राहिली. वर घोटभर पाणी, आणि लगेच ब्रश. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा पाहिलं, ताकाचा घोट घेतला की ती गालाला हात लावते. डेंटिस्टने आरसा आत घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, लिंबू-चिंच फार चोखता का?" पुढच्या वरच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसत होत्या. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, गेलं होतं, आणि गेलेलं इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला जास्तच लागलं. पीएच हा आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. व्हिनेगरचा पीएच साधारण अडीच ते तीन असतो. दाताचं इनॅमल साडेपाचच्या आसपास विरघळायला लागतं. पीएच एकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे हा फरक दोन-तीन पटींचा नाही, काहीशे पटींचा आहे. त्यात आम्लाने मऊ पडलेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला की वरचा थर खरवडूनच निघतो. कुठलंही आंबट घेतलं की साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास ब्रश करू नये. आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बाटलीवर होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही दिसू नये.

आता खरेदीचं.

दुकानात फळीवर जे पांढरं व्हिनेगर असतं त्यातलं बरंचसं सिंथेटिक असतं. म्हणजे कारखान्यात तयार झालेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पाण्यात मिसळलेलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यावर 'सिंथेटिक, प्रिपेअर्ड फ्रॉम अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड' असं लिहावंच लागतं. ते वाईट नाही, चायनीजला आणि भांडी घासायला उत्तम आहे, पण ते सफरचंदाचं नाही. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये दोनदा आंबवणं होतं. आधी रसातल्या साखरेची यीस्टमुळे दारू होते, मग हवेतला ऑक्सिजन घेऊन अ‍ॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू त्या दारूचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड करतात. आंबवलेल्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के असावं असा आपला नियम आहे, बऱ्याच बाटल्यांवर ५ टक्के लिहिलेलं असतं.

बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. घटकांमध्ये सफरचंदाचा रस किंवा त्यापासूनचं व्हिनेगर, आणि फार तर पाणी, एवढंच हवं. 'अ‍ॅपल फ्लेवर', कॅरॅमल रंग, साखर, मध असं काही दिसलं तर शुगरच्या माणसासाठी ती बाटली परत फळीवर ठेवा. आणि टक्केवारी लिहिलेली नसेल तर मी घेत नाही. किती पातळ करायचं ते ठरवायला तोच आकडा लागतो.

'मदर' म्हणजे तळाशी साचणारा तो गढूळ, शेवाळासारखा तंतूंचा गोळा. ते जिवाणू आणि त्यांनी विणलेलं सेल्युलोज असतं. व्हिनेगर गाळलेलं नाही एवढं त्यावरून कळतं. त्यात वेगळी औषधी ताकद असल्याचं कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्या एका शब्दासाठी दुप्पट पैसे मोजू नका. चवीसाठी म्हणाल तर न गाळलेलं थोडं भरीव लागतं, हे खरं.

आईच्या प्रकरणानंतर मी दोन बाटल्या प्रयोगशाळेत नेल्या. एक तिची विकतची, दुसरी माझी घरी केलेली. (सफरचंदाची सालं आणि मधले गाभे, पाणी आणि थोडी साखर काचेच्या बरणीत घालून वर मलमलचं फडकं बांधलं होतं, तीन आठवड्यांनी गाळून पुन्हा महिनाभर ठेवलं होतं.) बारावीची मुलं करतात तेच टायट्रेशन, म्हणजे आम्ल किती आहे ते मोजायची पद्धत. दहापट पातळ करून त्यातलं १० मिली फ्लास्कमध्ये, आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, आणि वरून ब्युरेटने ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा. थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि फ्लास्क हलवला की विरतो. शेवटी एक थेंब असा येतो की फिकट गुलाबी रंग विरतच नाही, तिथे थांबायचं. विकतच्याला ८.३ मिली लागले, म्हणजे बरोबर ५ टक्के. घरच्याला ४.५ मिली, म्हणजे जेमतेम २.७. चवीला मात्र दोन्ही सारखीच आंबट वाटत होती! घरचं व्हिनेगर कोशिंबिरीत जरूर वापरा, पण लोणचं टिकवायला त्याच्यावर विसंबू नका. त्यासाठी ५ टक्क्यांचं खात्रीचं लागतं.

शुगरबद्दल खरं काय ते सांगते. भात-पोळी-बटाटा अशा पिष्टमय जेवणाबरोबर व्हिनेगर घेतलं तर जेवणानंतर वाढणारी साखर थोडी कमी वाढते, असं छोट्या अभ्यासांतून दिसलंय. एक कारण म्हणजे पोट जरा सावकाश रिकामं होतं. पण हा परिणाम जेवणाबरोबर घेतल्याचा आहे, पहाटे उपाशीपोटी घेतल्याचा नाही. शिवाय तो अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा आहे, त्याला सफरचंदच लागतं असं नाही. आणि तो गोळीची जागा घेण्याएवढा तर नाहीच. उलट ज्यांना बरीच वर्षं शुगर आहे त्यांच्यापैकी काहींचं पोट मुळातच सावकाश रिकामं होत असतं, अशांना व्हिनेगरने त्रास वाढतो. सासूबाईंना दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटतं का, जेवण तासन्‌तास वर येतं का, हे विचारून घ्या. वाटत असेल तर विषय तिथेच संपवा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचं सुरू करू नका. व्हिनेगर जास्त प्रमाणात बराच काळ घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम उतरल्याची नोंद आहे, आणि या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं होतं. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका. ज्यांना पित्ताचा, छातीत जळजळीचा त्रास आहे त्यांनी तर लांबच राहावं.

वजनाचं विचारलं नाहीत, पण घरात विषय निघेलच. २००९ साली जपानमध्ये १७५ स्थूल माणसांवर बारा आठवडे अभ्यास झाला. रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर पेयात घालून दिलं. वजन उतरलं एक ते दोन किलो. तीन महिन्यांत, रोज न चुकता. लेबनॉनमधला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा ते आठ किलो उतरल्याचं होतं आणि तोच सगळीकडे फिरला. २०२५ मध्ये तो छापणाऱ्या नियतकालिकानेच तो मागे घेतला, कारण तपासणीत आकडे जुळले नाहीत. मागे घेतल्याची बातमी मात्र कुणाच्याच ग्रुपवर आली नाही, आणि मला याचंच वाईट वाटतं.

त्वचेला लावायचं कुणी सुचवलं तर नको म्हणा. पातळ केलेल्या सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये हात बुडवून ठेवण्याचा एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, २२ जणांपैकी १६ जणांची त्वचा चिडली आणि इसबाला काही फायदा झाला नाही. चामखीळ जाळायला कापसाने नुसतं लावणारी माणसं तर खरोखर भाजून घेतात.

एवढं वाचून बाटली आणूच नये असं वाटलं असेल, तर तसं नाही. माझ्या ओट्यावर ती कायम असते. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीला लिंबू नसलं की चमचाभर, चिकन मुरवायला दह्याऐवजी कधीतरी, सॅलडला एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग तेल. आंब्याच्या दिवसांत चिलटं झाली की वाटीत दोन चमचे व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून फळांच्या टोपलीजवळ ठेवते, सकाळी वाटीत वीसेक चिलटं बुडालेली असतात. साबण विसरू नका, त्याशिवाय ती वर बसून वास घेतात आणि उडून जातात. गोव्याकडची मैत्रीण विंदालूला मात्र सफरचंदाचं चालू देत नाही. तिथे माडाच्या सुरेपासून केलेलंच लागतं, आणि तिच्या हातचं खाल्ल्यावर मला ते पटलं.

साफसफाईला सफरचंदाचं वापरणं म्हणजे पैसे मोरीत ओतणं, त्याला पांढरं स्वस्त व्हिनेगर घ्या. किटलीतला क्षार त्याने छान निघतो. पण शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, संगमरवरी देव्हारा यांच्याजवळ बाटली नेऊ नका. हे तिन्ही दगड चुन्याच्या जातीचे, आम्ल पडलं की फसफसतात. आमच्या साताऱ्याच्या घरात शहाबादीवर माझ्या हातून वाटीभर सांडलं होतं, तो फिका, खरबरीत डाग अजून तसाच आहे. ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळायचं तर कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो. आणि पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ते साठवू नका, काचेतच ठेवा.

सासूबाईंना डॉक्टरांनी हो म्हटलं, तर ग्लास भरून पाण्यात एक चहाचा चमचा, दुपारच्या जेवणाबरोबर, आणि नंतर चूळ. तीन चमचे, म्हणजे १५ मिली, यापुढे दिवसात जाऊ नका. पण पिण्यापेक्षा जेवणातून देणं मला कितीतरी बरं वाटतं. माझी आई आता तसंच घेते. दोन कांदे पातळ उभे चिरायचे, बोटांनी पाकळ्या सुट्या करायच्या, पाव चमचा मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचे. सुटलेलं पाणी टाकून द्यायचं. मग तीन मोठे चमचे व्हिनेगर, तेवढंच पाणी, एक उभी चिरलेली हिरवी मिरची आणि बिटाची एक चकती घालून काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवायचे. साखर नको. दुसऱ्या दिवशी कांदे राणी रंगाचे होतात, कुरकुरीत राहतात. ताटात भाकरीशेजारी चिमूटभर वाढा, चार-पाच दिवसांत संपवा.