११२ वर गाडी आली तरी नवऱ्याला अटक का नाही झाली

ताई, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप नाही लागली. नवऱ्याने मारलं म्हणून तुम्ही ११२ ला फोन केला, पोलिसांनी दोघांनाही चौकीत नेलं, तुमची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली आणि त्याला तासाभरात समज देऊन घरी सोडलं, अगदी हेच २०१९ मध्ये माझ्यासोबत झालंय.

मी वकील नाही, फक्त भोगलेलं सांगते. आलेला हवालदार कोण खरं बोलतंय ते ठरवत बसत नाही, त्याच्या हातात कागद काय आहे त्यावर सगळं ठरतं. आणि माझा कागद मीच घालवला. करंगळी मोडली त्या रात्री दवाखान्यात सासूबाई शेजारी उभ्या होत्या, डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, मी म्हटलं बाथरूममध्ये घसरले. केस पेपरवर तेच आलं. दोन दिवसांनी परत मारलं तेव्हा १०० ला फोन केला, तर ठाणे अंमलदाराने त्याच ओळीवर पेन ठेवला, "मॅडम, हे तुम्हीच सांगितलंय ना?" हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, पण माझ्या हातात आली साधी मारहाणीची एनसी. आणि एनसीत कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही.

तुम्हीही तसं काही बोलला असाल तर पुरवणी जबाब (आधीच्या जबाबाला जोडून दिलेला) द्या, तेव्हा शेजारी कोण उभं होतं तेही लिहा. नवीन मार असेल तर पोलिसांकडून मेडिकल यादी (तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पत्र) घेऊन सरकारी दवाखान्यातच जा.

सासरच्या छळाचं कलम ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे बीएनएसचं ८५) लागलं की लगेच आत टाकतात असं लोक सांगतात, ते डोक्यातून काढा. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर आधी नोटीस देतात, अटक करायची तर कारण लिहावं लागतं. ते कारण पोलिसांना मिळावं म्हणून, धमकी दिली असेल तर त्याचेच शब्द जसेच्या तसे जबाबात घाला, "मला त्रास देतो" एवढ्याने काही होत नाही.

समुपदेशनाबद्दल माझं मत कडवट आहे, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. मला एका कक्षात तीन महिने फक्त तारखा दिल्या आणि दरवेळी "मुलांकडे बघा". मुलांकडे बघूनच तर आले होते मी!

त्यापेक्षा संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कोर्टातून संरक्षण आदेश घ्या. तो मोडणं दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. माझ्या दारात तो परत आला तेव्हा मी आदेशाची कॉपी पुढे केली आणि पहिल्यांदाच पोलिसांनी त्याला गाडीत बसवलं.

तुमच्या केस पेपरवर काय लिहिलंय ते आजच बघा आणि इथे सांगा.