खोडदच्या दुर्बिणीने नेमकं काय मोजलं?

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटीने गुरुत्वीय लहरी पकडल्याचं २०२३ मध्ये वाचलं. पण ती तर रेडिओ दुर्बीण. त्यासाठी लायगोसारखं खास यंत्र लागतं ना? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ‘पकडल्या’ म्हणणं जरा घाईचं. अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या या लहरी जीएमआरटी थेट मोजत नाही; ती पल्सारचे, म्हणजे गिरकत रेडिओ स्पंद धाडणाऱ्या मृत ताऱ्यांचे, ठोके मोजते. सेकंदाला शेकडो गिरक्या घेणाऱ्या या ताऱ्यांचे ठोके कमालीचे नियमित असतात. वाटेत गुरुत्वीय लहर आली की ठोका किंचित लवकर किंवा उशिरा पोचतो. फरक मायक्रोसेकंदाहूनही कमी! लायगो टिपतो त्या लहरी सेकंदात दहा ते हजारेक वेळा डोलतात. इथे एका हेलकाव्याला काही वर्षं लागतात. लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजांचं ते काम नव्हे.

खरी डोकेदुखी वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची. ते रेडिओ लहरींना रेंगाळायला लावतात, आणि वारंवारिता जितकी कमी तितका उशीर वर्गाच्या प्रमाणात जास्त. इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणात जरासा बदल झाला आणि १४०० मेगाहर्ट्झवर २ मायक्रोसेकंदांचा फरक पडला, तर ४०० वर तो जवळजवळ २५ होतो. म्हणून खोडदच्या ३० तबकड्या गटांत विभागून दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी निरीक्षणं घेतली. ४०० वर उशीर ठळक दिसतो, मग तो हिशेबातून वजा करता येतो. भारतीय गटाची ही सुमारे साडेतीन वर्षांची निरीक्षणं युरोपीय गटाच्या जवळपास २५ वर्षांच्या नोंदींना जोडली. एकूण पल्सार २५.

मग फरक लहरींमुळेच, हे कशावरून? घड्याळ चुकलं तर सगळ्याच पल्सारांत सारखी चूक दिसते. पृथ्वीचं सूर्यमालेतलं स्थान चुकलं, तर समोरासमोरच्या दिशांना उलटसुलट. लहरींची खूण वेगळी: आकाशात जवळजवळ असलेल्या पल्सारांचे फरक जुळतात, काटकोनाच्या आसपास उलटे होतात, अगदी समोरासमोर पुन्हा थोडे जुळतात. तशी खूण दिसली, पण खात्री ३ सिग्माच्या आसपास (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी). भौतिकशास्त्रात शोध म्हणायला ५ लागतात. अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांनीही जून २०२३ मध्येच आपापले निष्कर्ष मांडले, म्हणून वजन वाढलं. उगम बहुधा महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या. ते अजून सिद्ध नाही.

प्रश्न : खोडदला दुर्बिणीजवळ मोबाइल बंद का ठेवायला लावतात? — एक विद्यार्थिनी, चाकण

उत्तर : मोबाइलचा संकेत पल्सारपेक्षा प्रचंड प्रबळ असतो, निरीक्षण बुडतं. कमी वारंवारितांना त्याहून जास्त छळतात त्या वीजतारांवरच्या ठिणग्या.