रब्बी म्हणजे ज्यूंचा पुजारी का? त्याचं काम नेमकं काय असतं?

पुजारी नाही. शिक्षक आणि कायदेपंडित म्हणा. प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष जमले की पुरतं. आम्हा बेने इस्रायलींचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंचं, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या रब्बीवाचूनच चाललं.

रब्बी लागतो तो काही अडलं की. मोशे फाइनस्टाइन (१८९५–१९८६) यांचंच बघा. बेलारूसमधल्या ल्युबान गावचे हे रब्बी सोव्हिएत जाचामुळे १९३०च्या दशकात न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या येशिव्याचे, म्हणजे धर्मपाठशाळेचे, प्रमुख झाले. शिकवायचं आणि लोकांच्या पत्रांना, फोनना उत्तरं द्यायची, हेच आयुष्यभर.

त्यांचा दुधाचा निवाडा मला फार आवडतो. जुना नियम असा की धार काढताना ज्यू माणसाचं लक्ष हवं. न जाणो, कुणी ज्यूंना निषिद्ध असलेलं उंटिणीचं दूध मिसळलं तर? आता अमेरिकेतल्या डेअऱ्यांवर रोज कोण पहारा करणार? फाइनस्टाइननी नियम मोडीत काढला नाही. पाहायचं कशासाठी, तर खात्रीसाठी. सरकारी तपासणी असते, भेसळ सापडली तर दंड होतो. या धाकामुळे मिळणारी खात्री डोळ्यांनी पाहिल्यासारखीच, असं त्यांनी मांडलं. बाजारातलं दूध चालू झालं. वर हेही लिहिलं की ज्याला जास्त काटेकोर राहायचंय त्याने राहावं, आणि स्वतः तसेच राहिले! काहींना हे अजून पटलेलं नाही; ते वेगळं दूध विकत घेतात.

करिअर म्हणाल तर ‘समीखा’ ही पदवी असते. तिच्या परीक्षेत मांस-दुधाचे नियम घोकावे लागतात, मुख्यतः योसेफ कारोंच्या ‘शुल्हान आरूख’ या धर्मनियमांच्या ग्रंथावरून (छपाई १५६५, व्हेनिस). पण देशोदेशींहून लोकांनी ज्याला विचारावं, असा ‘पोसेक’ कुणी नेमत नाही. एक उत्तर पटलं, दुसरं पटलं, की लोक आपणहून येतात.

इस्रायलमध्ये मात्र ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्याच हातात. तिथे आमच्या लोकांना चटके बसले. कोकणात तुमचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका काढून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाआधी पिढ्यांची चौकशी करायची सूचना मुख्य रब्बींनी दिली. अहो, रब्बीच नव्हते तर सोडचिठ्ठी लिहिणार कोण? आंदोलन झालं. १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. मग मुख्य रब्बींनी त्या सूचनेतून आमचं नाव काढलं, सूचना ठेवली.