लेकीला तिमोरला जायचंय, तर आधी खाणीचा हिशेब वाचू दे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. मुलगी टी. वाय. बी. ए.ला, विषय अर्थशास्त्र, राहणं गोव्यातल्या डिचोली या खाणींच्या तालुक्यात. नववीपासून पोर्तुगीज शिकतेय. गेल्या वर्षी कॉलेजात तिने पूर्व तिमोरवर, म्हणजे इंडोनेशियाच्या शेजारच्या एका छोट्या नव्या देशावर, प्रकल्प केला आणि तेव्हापासून म्हणतेय, नव्या देशांत लोकशाही उभी करायच्या कामात जायचं. तुमच्या यजमानांचे दोन ट्रक २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा दारात उभे राहिले, ते शेवटी भंगारात गेले. त्यामुळे घरात एकच धोशा, नोकरी पक्की हवी. त्यात एका एजंटाने परदेशातल्या एक वर्षाच्या ‘आंतरराष्ट्रीय विकास’ पदवीसाठी बावीस लाखांचा आकडा सांगितलाय. तुमचा प्रश्न असा, की हे खूळ समजायचं की करिअर?

खूळ नाही. पण बावीस लाखांचं कर्ज आत्ता काढू नका. हे दोन्ही का म्हणतो ते सांगतो, आणि त्यासाठी थोडं तिमोरबद्दलच बोलावं लागेल.

त्या देशाचं आणि गोव्याचं नातं जुनं आहे. १८४४ पर्यंत तिथला कारभार गोव्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली चालायचा. १९७५ मध्ये पोर्तुगीज सत्ता कोसळली आणि त्याच डिसेंबरात इंडोनेशियाने लष्कर घुसवलं. चोवीस वर्षांनी, ३० ऑगस्ट १९९९ ला, संयुक्त राष्ट्रांनी तिथे जनमत घेतलं. धमक्या चालू होत्या, तरी नोंदवलेल्या सुमारे साडेचार लाख मतदारांपैकी ९८ टक्के लोक केंद्रांवर आले आणि ७८.५ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. निकाल लागला आणि इंडोनेशियाच्या बाजूच्या टोळ्यांनी देश पेटवला. शाळा, दवाखाने, विजेच्या तारा, सरकारी कचेऱ्या, काही सोडलं नाही. जमिनीची कागदपत्रंसुद्धा गेली. आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर एक नाव चुकलं तर मामलेदार कचेरीत किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे दप्तरच राख झालं होतं.

मग ऑक्टोबर १९९९ पासून २० मे २००२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांनी स्वतः तो देश चालवला. कर, पोलीस, न्यायालयं, चलन, सगळं. प्रमुख होते ब्राझीलचे सर्जियो व्हिएरा दि मेलो, मातृभाषा पोर्तुगीज. देश उभा राहिला हे खरं, पण ज्यांचा देश होता ते पहिले कितीतरी महिने दाराबाहेर होते. दिली या राजधानीच्या बंदरात परदेशी कर्मचाऱ्यांसाठी तरंगतं हॉटेल होतं आणि शहरातली पोरं कामाच्या शोधात त्याच किनाऱ्यावर बसून असायची. ओरड झाली तेव्हा जुलै २००० मध्ये मंत्रिमंडळ केलं, चार तिमोरी आणि चार संयुक्त राष्ट्रांचे. तुमच्या लेकीने प्रकल्पात हा भाग घेतलाय का ते विचारा. घेतला नसेल तर घ्यायला सांगा, कारण या क्षेत्रात माणूस चुकतो तो इथेच. मदत करणारा मदतीच्या नावाखाली खुर्चीत बसतो आणि समोरच्याला काम शिकायला वावच उरत नाही.

त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. २००६ मध्ये सुमारे सहाशे सैनिकांना लष्करातून काढलं, त्यावरून लष्कर आणि पोलीस एकमेकांवर उलटले आणि जवळपास दीड लाख लोक घर सोडून छावण्यांत गेले. संयुक्त राष्ट्रांना पुन्हा मोठं पथक पाठवावं लागलं, ते २०१२ अखेर निघालं. त्याचे पहिले प्रमुख होते अतुल खरे, आपल्या परराष्ट्र सेवेतले अधिकारी, शिक्षणाने डॉक्टर. त्याआधी २००२ ते २००४ या काळात तिथल्या पथकाचे प्रमुख कमलेश शर्मा होते, तेही परराष्ट्र सेवेतलेच. म्हणजे ज्या देशाचं स्वप्न तुमची मुलगी बघतेय, तिथे दोन भारतीय सर्वात वरच्या जागी बसून आलेत. दोघांच्याही मागे सरकारी सेवेतली कितीतरी वर्षं होती.

आज तिमोरमध्ये निवडणुका होतात, सत्ता शांतपणे बदलते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला. भारताने २०२३ मध्ये दिलीत दूतावास उघडायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी आपल्या राष्ट्रपती तिथे जाऊन आल्या. एवढं असूनही पोटाचा प्रश्न सुटलेला नाही. तिथली जवळपास निम्मी लहान मुलं वयाच्या मानाने खुजी राहतात, कारण पुरेसं पोषण नाही. मतदान घेणं परक्यांच्या मदतीने दोन-तीन महिन्यांत जमून गेलं. रोजगार आणि सकस जेवण पंचवीस वर्षांतही जमलेलं नाही. तुमच्या लेकीचं अर्थशास्त्र नेमकं इथे लागेल.

तिमोरचा पैसा समुद्राखालच्या तेल आणि वायूतून आला. २००५ मध्ये त्यांनी नॉर्वेचा सल्ला घेऊन पेट्रोलियम निधीचा कायदा केला. तेलाचा सगळा महसूल आधी निधीत जमा होईल, सरकारला हवा असेल तर संसदेची मंजुरी घेऊन काढावा लागेल, आणि दर वर्षी तेलाच्या एकूण संपत्तीच्या ३ टक्क्यांपर्यंतच काढणं शहाणपणाचं. सुमारे १८ अब्ज डॉलर त्यात साठलेत, साडेतेरा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशासाठी. पण सरकार बहुतेक वर्षी मर्यादेपेक्षा जास्त काढतं, अर्थसंकल्पाचा मोठा भाग त्यावरच चालतो आणि मुख्य साठा असलेलं बायू-उंदान क्षेत्र आटलंय. हे असंच चाललं तर निधी संपेल, असा इशारा जागतिक बँक पुन्हा पुन्हा देतेय.

हे वाचताना तुम्हाला घरचंच काही आठवलं असेल. जमिनीखालून निघालेला पैसा, त्यावर उभा राहिलेला सगळा तालुका, आणि एक दिवस सगळं ठप्प. गोव्यातही २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीच्या १० टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी करायला सांगितलं. मागचा विचार तिमोरच्या निधीसारखाच, खनिज एकदाच निघतं, तर त्यातलं थोडं पुढच्या पिढीच्या नावावर ठेवा. दारात उभे राहिलेले दोन ट्रक बघत वाढलेल्या मुलीला हा विषय पुस्तकातून समजावावा लागत नाही. ही तिची भांडवली ठेव आहे, ताई. बावीस लाखांच्या वर्गात हे कुणी शिकवणार नाही.

आता नोकऱ्यांचं खरं चित्र, कारण यजमानांची काळजी रास्त आहे. लोकशाही आणि विकासाच्या मदतीचं क्षेत्र सध्या आक्रसतंय. अमेरिकेची ‘यूएसएड’ ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली. तिच्या पैशावर चालणारे कितीतरी प्रकल्प जगभर थांबले आणि अनुभवी माणसं घरी बसली. संयुक्त राष्ट्रांतही पदं कमी होताहेत. अशा वेळी नुसती ‘आंतरराष्ट्रीय’ पदवी घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलीपुढे दहा-पंधरा वर्षं अनुभवाची माणसं उभी असतील. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने असंच कर्ज काढलं, पदवी चांगल्या गुणांनी मिळाली आणि परत आल्यावर हप्ते फेडायला त्याला मिळेल ते काम धरावं लागलं. मुलगा हुशार होता, पण हातात काम नव्हतं.

एजंटाबद्दल एक वाक्य. संयुक्त राष्ट्रं भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत, म्हणून ‘फी भरा, इंटर्नशिप मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बाळ, तुला तिमोरमध्ये कशासाठी बोलावतील? ‘लोकशाहीची आवड आहे’ म्हणून नाही. पंचायतीचा जमाखर्च लावायला, मतदारयादी तपासायला, अर्थसंकल्प वाचायला, कायद्याचा मसुदा भाषांतरित करायला बोलावतील. यातलं एक काम तुझ्या हातात पक्कं बसलं पाहिजे. तुझा कल बघता मी सार्वजनिक वित्त म्हणेन.

पहिलं काम याच वर्षी, फुकटात होणारं. खाणपट्ट्याच्या विकासासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, त्यात खाणवाल्यांकडून पैसा जमा होतो. तुझ्या तालुक्यात तो कुठल्या कामांवर खर्च झाला, हे माहिती अधिकारात मागव. मग रविवारच्या ग्रामसभेत जाऊन बस. कोण बोलतं, कुणाचा माईक काढून घेतात, बायका मागच्या रांगेत का असतात, सगळं लिहून काढ. तिमोरमध्ये २००० नंतर जागतिक बँकेच्या प्रकल्पात गावोगाव परिषदा निवडल्या, त्यात बाई आणि पुरुष समसमान ठेवले. कागदावर हे सोपं दिसतं. सरपंचाच्या आरक्षित जागेवर निवडून आलेल्या बाईच्या शेजारी तिचा नवरा बसलेला पाहिला असेल, तर त्या परिषदांत काय अडलं असेल हे तुला विचारावं लागणार नाही.

पदवीनंतर अर्थशास्त्रात एम. ए. कर, गोवा विद्यापीठात किंवा पुण्याच्या गोखले संस्थेत. संख्याशास्त्र आणि सार्वजनिक वित्त हे पेपर टाळू नकोस. नंतर दोन-तीन वर्षं सरकारी हिशेब तपासणाऱ्या, अर्थसंकल्पावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत घाल. पगार बेताचा असेल.

पोर्तुगीज मात्र एक दिवसही सोडू नकोस. तिमोरमध्ये तेतुम आणि पोर्तुगीज अशा दोन राजभाषा आहेत, पण कायदे लिहिले जातात पोर्तुगीजमध्ये आणि कोर्टात उभा राहिलेला माणूस बोलतो तेतुम, नाहीतर गावची तिसरीच भाषा. त्याच्याच खटल्यात त्याच्या डोक्यावरून काय चाललंय हे त्याला कळत नाही. आपल्याकडेही पणजोबांच्या जमिनीचे पोर्तुगीज दस्तऐवज उलगडताना माणसं अशीच दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून ‘दिप्ले’ ही पोर्तुगीजची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरच्या, पातळीची परीक्षा दे आणि हळूहळू तेतुमही शीक. भारतात इंग्रजी येणारे अर्थशास्त्री खूप आहेत. पोर्तुगीजमध्ये अर्थसंकल्प वाचू शकणारे किती सापडतील? आणि हीच भाषा मोझांबिक, गिनी-बिसाऊ, अंगोला, केप व्हर्दीतही चालते.

बाहेर पडायची पहिली वाट म्हणून संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजना बघ. १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे, त्यानंतर अनुभवी लोकांचा. १९९९ चं ते जनमत गावागावांत जाऊन पार पाडणाऱ्यांत असे शेकडो स्वयंसेवक होते. संयुक्त राष्ट्रांची तरुण व्यावसायिकांची परीक्षाही असते, पण त्या वर्षीच्या देशांच्या यादीत भारत असेल तरच बसता येतं. आणि परराष्ट्र सेवेचा विचार झटकून टाकू नकोस. तिथे निवड झाली तर परदेशी भाषा शिकावीच लागते, तुझी अर्धी झालेली आहे.

आता पुन्हा तुमच्याशी, ताई. यजमानांना सांगा, यातलं काहीही वाया जाणारं नाही. एम. ए. झाल्यावर बँकेची, राज्य सेवेची, शिक्षकाची दारं उघडीच राहतात. पोर्तुगीज पक्की असेल तर जुने दस्तऐवज भाषांतरित करून देणारी माणसं पणजी-मडगावात वकिलांना लागतातच, त्याचे पैसेही बरे मिळतात. तिला तीन-चार वर्षं द्या. तेवढ्यात तिमोरचं जमलं नाही तरी ती रिकाम्या हाताने घरी बसलेली नसेल.

पत्रात तुम्ही लिहिलंय, सासऱ्यांनी पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव, म्हणजे तेव्हाचं पोर्तुगीज शालेय शिक्षण, केलं होतं आणि त्यांची कागदांची पेटी माळ्यावर तशीच आहे. ती खाली काढा. त्यातला एखादा दस्तऐवज तिने मराठीत उतरवावा, अडलेले शब्द अधोरेखित करावेत आणि मला पाठवावा. मी वाट बघतो.