पिस्तुलाची सवय होते का?

तुम्ही विचारलंत की चिपच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून फिनिक्सला यायचं ठरतंय, सोबत बायको आणि सात वर्षांची मुलगी आहे, तर तिथे लोक कमरेला पिस्तूल लावून किराणा आणायला येतात हे खरं का, आणि त्याची सवय होते का. खरं आहे. सवयही होते. पण एवढंच उत्तर देऊन गप्प बसवेना. दोनदा लिहून खोडलं.

व्हिसा, घरभाडं, गाडीचा परवाना हे कंपनी सांगेलच. फिनिक्स ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात 2010 पासून 21 वर्षांच्या पुढच्या माणसाला कपड्याखाली पिस्तूल ठेवायलाही परवाना लागत नाही. उघडं लावायला तर आधीही लागत नव्हता. मी 2011 मध्ये आलो. पहिल्याच आठवड्यात दुकानात दुधाच्या कपाटापाशी एक आजोबा दिसले, पट्ट्याला पिस्तूल. ते माझ्या मुलाकडे बघून हसले. मी ट्रॉली तिथेच सोडून पोराला उचलून बाहेर आलो. आता वाचनालयाच्या दाराशी पिस्तूल ठेवायचे लॉकर आहेत, त्यांच्यापाशी चप्पल झटकून मी आत जातो.

एक गोष्ट मात्र पक्की धरा. एच-वन-बी किंवा एल-वन या नोकरीच्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ऑफिसातली मंडळी अगदी प्रेमाने नेमबाजीच्या रेंजवर चला म्हणतील. तिथे भाड्याची बंदूक हातात घेणंही अंगाशी येऊ शकतं. नाही म्हणा.

ग्रीन कार्डाच्या अर्जात प्रश्न असतो, तुम्ही कधी शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलंय का? कॉलेजात मी एनसीसीत होतो, शिबिरात .22 रायफलने गोळ्या झाडल्या होत्या. खोटं कसं लिहायचं? ‘हो’ लिहिलं. वकील म्हणाला, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजच्या ऑफिसात म्हणे ते रजिस्टर पावसात भिजलं. माझ्या चुलतभावाने पाच खेपा घातल्या, चार महिने गेले. ज्या राज्यात कोणीही पट्ट्याला पिस्तूल लावून हिंडतो, तिथे मला कॉलेजातल्या काही गोळ्यांचा हिशेब द्यावा लागला. तुम्ही एनसीसीत असाल तर प्रमाणपत्र आणि पत्र आत्ताच घेऊन ठेवा.

एकटेपणाचं म्हणाल तर महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहेत, जातो तो.

मुलगा बारा वर्षांचा असताना आम्ही टूमस्टोनला गेलो, जुन्या गोळीबारासाठी प्रसिद्ध असलेलं ॲरिझोनातलं गाव. इथून तीन तास. रोज पर्यटकांसाठी खोटी गोळीबारी होते. खरी झाली 26 ऑक्टोबर 1881 ला, तीसेक सेकंदांत तीसेक गोळ्या, तिघे मेले. मला वाटायचं, तेव्हा सगळेच बंदुका लावून फिरत असतील. उलट होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गावाने ठराव केला होता की गावात शस्त्र बाळगायचं नाही. बाहेरून येणाऱ्याने ते तबेल्यात, हॉटेलात किंवा दारूच्या गुत्त्यात जमा करायचं. गोळीबाराच्या त्या सकाळी काउबॉय टोळीतला आइक क्लँटन शस्त्रांसह सापडला म्हणून मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्पने त्याच्या डोक्यात पिस्तूल हाणलं आणि कोर्टाने 25 डॉलर दंड केला. दुपारी व्हर्जिल क्लँटनच्या साथीदारांची शस्त्रं काढून घ्यायला निघाला, पण सोबत घेतले आपले भाऊ मॉर्गन आणि वायट, आणि त्यांचा जुगारी मित्र डॉक हॉलिडे, ज्यांचं त्या लोकांशी आधीच वाकडं होतं. नंतर न्यायाधीश स्पायसरने महिनाभर साक्षी ऐकल्या. या माणसांना सोबत घेणं अविचाराचं होतं, पण गुन्हा नाही, असा निकाल दिला. तो कोणाला पटला? डिसेंबरात व्हर्जिलचा हात गोळीने निकामी झाला, मार्चमध्ये मॉर्गन बिलियर्ड खेळताना मारला गेला, आणि वायट अर्प बिल्ला लावून एकेकाला खटल्याविना टिपत सुटला. ठराव चांगलाच होता. अंमल करणारेच भांडणात होते.

मला कोकणातले मामा आठवले. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायचे आणि देव्हाऱ्यात ठेवायचे. मुलाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग इथेही तेव्हा जमा करायचे, आता का नाही?’’ मला उत्तर देता आलं नाही.

आता जे सांगायला बसलो ते. तुमच्या मुलीच्या शाळेत लॉकडाउनची ड्रिल असेल. दार बंद, दिवे बंद, पोरं कोपऱ्यात चिडीचूप. माझा मुलगा दुसरीत असताना अशा ड्रिलमध्ये त्याला खोकल्याची उबळ आली. दिवे लागल्यावर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, खरंच कोणी आलं असतं तर तुझ्या खोकल्याने सगळे सापडले असते. सात वर्षांच्या पोराला. घरी आल्यावर त्याने हे मला अगदी शांतपणे सांगितलं.

मी शाळेत गेलो नाही. व्हिसाचं नूतनीकरण चालू होतं, आपण बाहेरचे, कशाला नजरेत यायचं, असं मी बायकोला म्हणालो. तक्रारीचा आणि व्हिसाचा काही संबंध नव्हता, हे तेव्हाही मला माहीत होतं. तो आता सोळा वर्षांचा आहे. अजूनही खोकला आला की उशीत तोंड दाबतो, आपल्याच घरात, आपल्याच खोलीत. भिंतीपलीकडून मला ते कळतं.

नाव घालायला जाल तेव्हा ड्रिल कधी असते, बाई मुलांना नेमकं काय सांगतात, ते विचारा. आदल्या रात्री मुलीशी मराठीत बोला. आणि तिला कोणी काही बोललं तर त्याच दिवशी जा, ऑफिस सोडून जा.