रोज ८-१० किलोमीटर ऑफिसला जायला कोणती सायकल घ्यावी: एमटीबी (माउंटन बाईक), हायब्रिड (या दोन्हींच्या मधली) की रोड बाईक?

हायब्रिड घ्या, सपाट हँडल, सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) नसलेला साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभंगलेला दांडा) आणि ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर असलेली. एमटीबीचे जाड, खाचांचे टायर डांबरी रस्त्यावर जड चालतात, आणि स्वस्तातलं सस्पेन्शन पायाचा जोर गिळतं, वजन वाढवतं ते वेगळंच. रोड बाईक हलकी पळते खरी, पण पाठीवर सॅक घेऊन ट्रॅफिकमध्ये वाकून चालवताना मान आखडते.

आता खरी गोष्ट: आराम हा प्रकारापेक्षा मापावर जास्त अवलंबून असतो. आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी. सीटची उंची ठरवताना टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाशी गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली ठेवली की गुडघे दुखतात आणि दोष मात्र सायकलला जातो. गुबगुबीत सीटलाही भुलू नका. थोड्या अंतरानंतर तीच टोचायला लागते. बसण्याच्या हाडांना नीट टेकू देणारी, जरा घट्ट सीट बरी. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची सोय फ्रेमवर आहे ना, तेही बघून घ्या.

अपवाद एकच: वाटेतला बराचसा रस्ता कच्चा किंवा खड्ड्यांचा असेल, तर एमटीबीच घ्या, फक्त टायर कमी खाचांचे लावा.