ओट्यावरचा अभ्यास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. १/३ आणि १/४ यांची बेरीज ती हटकून २/७ करते. पोळीचे तुकडे करून दाखवले, तरी फरक पडत नाही. स्वयंपाकघरात आणखी काय करता येईल?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पोळीवर अर्धा आणि पाव छान समजतो. तिसरा हिस्सा मात्र हाताने नेमका होत नाही, आणि वेगवेगळ्या मापांचे दोन तुकडे शेजारी ठेवले तरी एकूण किती झालं ते नजरेला कळत नाही. इथे पाणी कामाला येतं. मोजमापाच्या कपांचा संच आणि औषधाच्या बाटलीवरचं १० मिलिलिटरचं टोपण, एवढंच लागेल.

आधी तिला उत्तराचा अंदाज वहीत लिहायला सांगा. ही पायरी गाळू नका. अंदाज लिहिलेला नसला की चूक सापडत नाही, मूल फक्त आपलं ऐकून घेतं. मग एक कप पाणी टोपणाने मोजायचं. कप २४० मिलिलिटरचा असेल तर २४ टोपणं होतात. १/३ कपात ८, १/४ कपात ६. दोन्ही मिळून १४, म्हणजे चोविसातले चौदा, म्हणजेच ७/१२. छेद समान का करायचा, हे इथे आपोआप पुढे येतं: दोन्ही मापं एकाच टोपणाने मोजली, म्हणूनच ती मिळवता आली.

आता तिचं २/७ तपासा. चोवीस टोपणांचे २/७ म्हणजे सात टोपणांहूनही किंचित कमी. नुसत्या १/३ कपातच आठ होती! भांड्यात आणखी पाणी ओतल्यावर ते कमी कसं होईल, हा प्रश्न तिलाच विचारा आणि थोडा वेळ गप्प राहा.

हा प्रयोग फसतो तो बहुधा कपामुळे. बाजारातले बरेच संच २५० मिलिलिटरचे असतात. त्यात २५ टोपणं येतात आणि १/३ कपात आठ भरून थोडं उरतं. तसं असेल तर कप बाजूला ठेवा. उभ्या, सरळ काठांच्या ग्लासात २४ टोपणं ओतून रेघ मारा. तोच तुमचा एक कप. त्याचा तिसरा आणि चौथा हिस्सा किती टोपणांचा, ते तिलाच काढू द्या. पहिल्याच दिवशी पीठ किंवा रवा घेऊ नका. दाबून भरलं की त्याच कपात जास्त कणीक बसते, आणि मूल गोंधळतं.

पाणी जमलं की शिरा. चौघांसाठी १ कप रवा, पाऊण कप साखर, अर्धा कप तूप, अडीच कप पाणी. सहा जणांसाठी सगळं दीडपट. साखर येते ९/८ कप, म्हणजे एक कप आणि वर १/८ कप, दोन टेबलस्पून. रवा भाजायचा वेळ मात्र बरोबर दीडपट होत नाही, तो कढईच्या रुंदीवर आणि आचेवर ठरतो. सगळ्याच गोष्टी प्रमाणात वाढत नाहीत, हेही तिला दिसायला हवं.

प्रश्न : आठवीतल्या मुलाने ढोकळा केला. फुगला चांगला, पण आत लाल ठिपके पडले. पीठ तर पिवळंच होतं. त्याला कारण हवंय.
– नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : त्याने नकळत दर्शकाचा, म्हणजे आम्ल की आम्लारी हे रंगाने दाखवणाऱ्या पदार्थाचा, प्रयोग केला आहे. हळद आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळी राहते, आम्लारीत लालसर होते. ठिपके पडले तिथे सोडा नीट मिसळला नव्हता. पीठ पिवळं आणि ढोकळा लाल, याचं कारण वाफ. खायचा सोडा सौम्य आम्लारी आहे. तापल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मागे उरतो. तो जास्त तीव्र असतो, म्हणून रंग शिजताना उमटतो.

तीन वाट्यांत प्रत्येकी दोन टेबलस्पून पाणी आणि दोन चिमटी हळद घ्या. एकीत लिंबू, दुसरीत पाव टीस्पून सोडा, तिसरी तशीच ठेवा. सोड्याची वाटी गार असताना रंग फार बदलत नाही. त्यातलं पाणी लहान भांड्यात उकळलं की फरक स्पष्ट दिसतो. ते निवल्यावर थेंब थेंब लिंबू पिळायचं: फेस येतो आणि रंग परत पिवळा होतो. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा प्रभाव घालवतात, हे उदासिनीकरण.

पुढच्या वेळी हळद निम्मी करावी आणि सोडा चाळून घ्यावा. लिंबूही मोजावं: एक टेबलस्पून रसाने जेमतेम पाव टीस्पून सोडा उदासीन होतो. अर्धा टीस्पून सोडा घालायचा तर दोन टेबलस्पून रस हवा, आणि तेवढं पाणी कमी. सोडा सगळ्यात शेवटी, वाफेचं भांडं तयार असताना घालायचा. पीठ तसंच ठेवलं तर वायू निघून जातो आणि ढोकळा दडस होतो.

प्रश्न : कुकरच्या जास्त शिट्ट्या म्हणजे आत जास्त गरम, असं नातू म्हणतो. खरं आहे का?
– आजी, कळवा

उत्तर : नाही, आजी. ठाण्यात उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळे दाब वातावरणाच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ उकळतं. जास्तीचा दाब शिट्टीतून बाहेर पडतो, म्हणून दहा शिट्ट्या झाल्या तरी तापमान तेवढंच राहतं; वाढतो तो फक्त वेळ. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून तीच डाळ शिजते का, ते त्याला घड्याळ लावून पाहू द्या. कुकर उघडायचं काम मोठ्यांचं, दाब पूर्ण उतरल्यावर.

प्रश्न : गणित-विज्ञान जमतं, पण इतिहास-भूगोल स्वयंपाकात कसा आणायचा?
– कोपरखैरणे

उत्तर : साबुदाण्याच्या खिचडीपासून सुरुवात करा. साबुदाणा होतो कसावाच्या कंदाच्या पिठापासून. आपल्याकडे तो मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. पण कसावा, शेंगदाणा, बटाटा, मिरची या चारही पिकांचं मूळ अमेरिका खंडात आहे. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, आणि पुढे ही पिकं प्रामुख्याने पोर्तुगीजांमार्फत भारतात शिरली. ठाण्याच्या मुलांना हे दूरचं वाटू नये: खुद्द ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं आणि वसई १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकली. सगळं एकाच जहाजातून आलं असं मात्र सांगू नका. मिरची लवकर रुजली, बटाटा सर्वदूर पसरला तो ब्रिटिश काळात.

जगाचा नकाशा ओट्याशेजारी लावा. खिचडीतला एकेक जिन्नस घालण्याआधी मुलाने त्याच्या मूळ जागेवर टाचणी टोचायची. जिऱ्याची टाचणी पश्चिम आशियात जाईल. पुढच्या उपासाला वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा. वरी इथलीच, दाणे अमेरिकेतले. मिरची नव्हती तेव्हा तिखटपणा कशाने आणत असतील, ते मुलाला शोधायला सांगा. मिरी, आलं आणि पिंपळी ही उत्तरं यायला हवीत. पिंपळी ठाण्यात जांभळी नाक्यावर काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे विचारून पाहा.